बाळंतिणीला विचारावयाचे दहा प्रश्न

आधुनिक वैद्यकाने सार्वजनिक आरोग्याच्या कारभारात जी अनेक साधने आणली, त्यांत प्रश्नावली हे सर्वांत स्वस्त, दिसावयास सर्वांत निरुपद्रवी आणि बहुधा म्हणूनच सर्वांत कमी पारखले गेलेले साधन होय. रक्त काढावयाचे तर सुई लागते, छातीची तसबीर घ्यावयाची तर यंत्र लागते, आणि सुई किंवा यंत्र समोर आले की सामान्य मनुष्यही आपसूक विचारतो, की हे कशासाठी आणि यातून निष्पन्न काय होणार. परंतु छापील कागदावरील दहा प्रश्न वाचून दाखविले जातात तेव्हा अशी शंका ना विचारणाऱ्याच्या मनात येते, ना उत्तर देणाऱ्याच्या. प्रसूतीनंतर काही स्त्रियांना जे नैराश्य ग्रासते ते वेळीच ओळखले जावे म्हणून नवमातांना ज्या प्रश्नावल्या दिल्या जातात, त्यांची पारख कशी करावी, हा विषय वरवर पाहता संख्याशास्त्रज्ञांच्या अखत्यारीतला वाटतो. माझे म्हणणे असे आहे, की प्रश्नावलीची अचूकता म्हणून जे आकडे आपल्यापुढे ठेवले जातात ते कागदाच्या अंगचे गुण नसतात. तो कागद, त्यावर उत्तर देणारी स्त्री, ज्या जागी ती उत्तर देते ती जागा, आणि उत्तरानंतर तिला मिळणारे साहाय्य, या चौघांच्या मेळातून ते आकडे निर्माण होतात, आणि म्हणून जे सरकार वा जे रुग्णालय यांतला केवळ कागद उचलते त्याच्या पदरात नोंदवहीतील एका नव्या रकान्यापलीकडे काही पडत नाही.

हा विकार काही काल-परवा उद्भवलेला नाही. पॅरिसच्या लुई-व्हिक्टर मार्से या वैद्याने गर्भिणी, सूतिका व स्तनदा स्त्रियांच्या उन्मादावर १८५८ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला; परंतु त्याच्या व त्याच्या काळच्या वैद्यांच्या दृष्टीपुढे होत्या त्या प्रामुख्याने वेड्यांच्या इस्पितळात दाखल झालेल्या, भान हरपलेल्या स्त्रिया. जी घरातच राहते, स्वयंपाक करते, मुलाला पाजते आणि तरीही आतून विझत जाते, त्या स्त्रीकडे शास्त्राचे लक्ष वळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. ब्राइस पिट यांनी १९६८ साली लंडनमधील मातांविषयी लिहिलेल्या निबंधाने त्या दुर्लक्षित दुःखाला वैद्यकीय दप्तरात जागा मिळाली. पुढे १९८७ मध्ये जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सगोव्हस्की या तिघांनी स्कॉटलंडमधील लिव्हिंग्स्टन व एडिंबरो येथील आरोग्यकेंद्रांत तयार केलेली दहा प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली, आणि आज 'एडिंबरो मोजपट्टी' या नावाने ती जगाच्या बहुतेक भागांत वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, बेरीज फार तर तीस, आणि विचारणा केवळ गेल्या सात दिवसांची, अशी तिची साधी बांधणी आहे.

या साधेपणामागे मोठा विचार होता, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावयास हवे. नैराश्य मोजण्याच्या तत्पूर्वीच्या मोजपट्ट्या, उदाहरणार्थ आरन बेक यांची १९६१ सालची एकवीस कलमांची यादी, थकवा, निद्रानाश, मंदावलेली भूक, घटलेले वजन अशा शारीरिक लक्षणांनाही गुण देतात. आणि रात्रीतून चार वेळा उठून मुलाला पाजणारी कोणती बाळंतीण या लक्षणांपासून मुक्त असते? तिची झोप मोडली आहे ती मुलाने. तो तिच्या मनाचा रोग मानला तर निम्मे बाळंतघर रुग्णाईत ठरेल. म्हणून कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देहाची लक्षणे जवळजवळ वगळली, आणि झोपेविषयी विचारलेच तर ते अशा बेताने, की मन दुःखी असल्यामुळे झोप लागत नाही काय. परंतु जो निर्णय लिव्हिंग्स्टनमध्ये दोष टाळतो तोच दुसऱ्या भूमीत दोष निर्माण करू शकतो. आपल्याकडची स्त्री मनाची कैफियत पुष्कळदा शरीराच्या मार्गाने मांडते. हातपाय गळून गेलेत, कंबर धरलीय, डोके भणभणतेय, अंगात जीवच नाही, असे ती सांगते, आणि 'तू दुःखी आहेस काय' असे थेट विचारले तर ती गांगरते, कारण दुःखी असणे ही तिच्या लेखी प्रकृतीची नव्हे, नशिबाची बाब असते. तेव्हा देहाला वगळणारी प्रश्नावली येथे तिच्या बोलण्याचा अर्धा भाग ऐकतच नाही, आणि देहाला धरणारी प्रश्नावली बाळंतपणाच्या स्वाभाविक शिणालाच आजार समजते. या पेचातून सुटण्याचा मार्ग कोणत्याही मूळ निबंधात सापडणार नाही. तो त्या त्या प्रदेशातील स्त्रियांचे बोलणे बैजवार ऐकून तेथेच शोधावा लागतो.

आता आकड्यांकडे वळू. कोणत्याही चाळणी-चाचणीची पारख दोन मापांनी करण्याचा शिरस्ता आहे: जे खरोखर आजारी आहेत त्यांपैकी किती जणांना ती पकडते, आणि जे निरोगी आहेत त्यांपैकी किती जणांना ती बिनशर्त सोडून देते. ही दोन मापे त्यांच्या आजच्या नावांनिशी जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ साली मांडली, आणि त्यांच्या विचाराचा मुख्य विषय होता छातीच्या क्ष-किरण तसबिरी वाचताना होणाऱ्या चुका. तसबिरीतील डाग कोणी शेजारी बसले आहे म्हणून लपत नाही, नवऱ्याच्या धाकाने फिका पडत नाही आणि शरमेने जागा बदलत नाही. माणसाचे उत्तर मात्र हे सर्व करते. तरीही ती मापे आपण प्रश्नावलीला जशीच्या तशी लावतो, ही पहिली सावधगिरीची सूचना. दुसरी सूचना अधिक व्यावहारिक आहे. १९८७ च्या मूळ अभ्यासात चौऱ्यांशी माता होत्या. बारा किंवा तेरा गुणांवर रेघ मारली असता ८६ टक्के आजारी माता सापडल्या, ७८ टक्के निरोगी माता सुटल्या, आणि ज्यांच्यावर बोट ठेवले गेले त्यांपैकी ७३ टक्के खरोखरच आजारी निघाल्या. हा शेवटचा आकडा वाचून कोणाही अधिकाऱ्याचा विश्वास बसावा. पण त्या मातांपैकी बहुतेकींविषयी आरोग्यसेविकांच्या मनात आधीच शंका होती, म्हणजे आजाराचे प्रमाण तेथे मुळातच फार मोठे होते. आता तीच प्रश्नावली, त्याच अचूकतेची, कोणतीही निवड न केलेल्या हजार मातांना द्या आणि त्यांपैकी शंभर जणी आजारी आहेत असे धरा. आजारी शंभरांतून ८६ सापडतील. निरोगी नऊशेंतून १९८ जणींवर विनाकारण शिक्का बसेल. म्हणजे बोट ठेवलेल्या २८४ स्त्रियांत खऱ्या आजारी ८६, अर्थात जेमतेम ३० टक्के. कागदातील एक अक्षर बदललेले नसताना, केवळ तो ज्यांच्या हाती दिला त्या समुदायात फरक पडल्याने, त्र्याहत्तराचे तीस झाले.

ही रेघ कोठे मारावी, हाही वाद जुना आहे. ५८ अभ्यासांतील १५,५५७ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०२० साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्याचा निष्कर्ष असा, की अकरा वा त्याहून अधिक गुणांवर रेघ मारली तर गंभीर नैराश्याच्या ८१ टक्के स्त्रिया सापडतात व ८८ टक्के निरोगी स्त्रिया सुटतात. तीच रेघ तेरावर नेली तर आजारी स्त्रियांपैकी ६६ टक्केच सापडतात, मात्र निरोगी ९५ टक्के सुटतात. वरच्याच काल्पनिक हजारांचा हिशेब केला तर तेराच्या रेघेने चौतीस आजारी माता हातून निसटतात आणि पंचेचाळीस निरोगी मातांना व्यर्थ तोशीस पडते. अकराच्या रेघेने निसटणाऱ्या एकोणीसच उरतात, परंतु व्यर्थ तोशीस एकशे आठ जणींना पडते. चाळणीची भोके बारीक ठेवली तर खडे राहतात तसे दाणेही अडकून राहतात, आणि मोठी ठेवली तर दाण्यांबरोबर खडेही खाली पडतात. भोके केवढी हवीत हे चाळणी सांगत नाही, ते ज्याला ती भाकरी खावयाची आहे त्याने ठरवावयाचे असते. म्हणजेच हा निर्णय नीतीचा आहे. जेथे शंका आलेल्या स्त्रीशी अर्धा तास निवांत बोलणारे माणूस उपलब्ध आहे तेथे खोट्या शंकेची किंमत अर्धा तास इतकीच असते, आणि रेघ खुशाल खाली आणावी. जेथे शंका आली की थेट 'डोक्याच्या डॉक्टरकडे' चिठ्ठी दिली जाते आणि ती चिठ्ठी घरच्यांच्या हाती पडते, तेथे खोट्या शंकेची किंमत त्या सुनेला वर्षानुवर्षे मोजावी लागते. दोन्ही ठिकाणी एकच रेघ सरसकट मारणारे फर्मान शास्त्राचे नाव घेऊन निघाले तरी ते शास्त्रीय ठरत नाही.

प्रश्न केव्हा विचारावे, याचा निर्णयही तितकाच निर्णायक आहे. प्रसूतीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच डोळे भरून येणे, चिडचिड होणे हे बहुसंख्य मातांच्या बाबतीत घडते आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. तेव्हा रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी सोय म्हणून प्रश्नावली भरून घेणे म्हणजे पावसाळी ढगांची मोजणी करून दुष्काळाचा अंदाज बांधण्याइतकेच निरर्थक. म्हणून सहावा आठवडा उचित मानला जातो, आणि आपल्याकडे तो सोयीचाही आहे, कारण बाळाची लस त्याच सुमारास असते आणि आशा कार्यकर्तीची घरभेटही बेचाळिसाव्या दिवशी ठरलेली असते. पण महाराष्ट्रात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सहाव्या आठवड्यात ती स्त्री आईच्या हाताखाली, शेक-शेगडी, अळीव आणि डिंकाचे लाडू यांच्या बंदोबस्तात असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाळणा घेऊन ती सासरी परतते, तेव्हा घरकाम, शेतावरची मजुरी अगर कचेरीतील नोकरी, रात्रीचे जागरण आणि मुलगी झाली असेल तर न बोलता दाखविलेली नापसंती, हे सारे एकदम तिच्यावर येऊन पडते. त्या वेळी माहेरच्या आशाताईंच्या वहीतून तिचे नाव गेलेले असते आणि सासरच्या वहीत ते अद्याप चढलेले नसते. सहाव्या आठवड्यातील तिचे शून्य गुण खोटे नसतात. ते माहेरचे असतात, इतकेच. अचूकतेचा कोणताही तक्ता हा भेद दाखवीत नाही.

आता प्रत्यक्ष जागेकडे पाहावे. लसीकरणाचा दिवस आहे. उपकेंद्राच्या व्हरांड्यात दोन बाके, त्यांवर सात-आठ बायका, रडणारी पोरे, आणि प्रत्येकीबरोबर घरचे कोणी तरी. आशाताई कागद पुढे ओढून एकीला विचारतात, "गेल्या आठवड्यात कधी मन भरून आलं, रडू आलं, असं झालं का गं?" ती तोंड उघडण्यापूर्वीच शेजारची सासू म्हणते, "तिला कशाचं रडू येतंय? आयतं खातीय, पोराला पाजतीय." सून बाळाच्या झबल्याचा बंद बांधीत म्हणते, "नाही ताई, बरं हाय सगळं," आणि कागदावर शून्याभोवती गोल पडतो. त्यानंतर दुसऱ्या एकीला नर्सबाई वजन करावयाच्या निमित्ताने आतल्या खोलीत नेतात, दार लोटतात, आणि काटा पाहता पाहता सहज विचारतात, "झोप लागते का तुला, बाळ झोपल्यावर तरी?" मग ती सांगते, की लागत नाही, आणि बाळ रडू लागले की सगळे टाकून कुठे तरी निघून जावेसे वाटते. प्रश्नावली दोघींना एकच, अनुवाद एकच, रेघही एकच. फरक पडला तो लोटलेल्या दाराने आणि निमित्त शोधणाऱ्या बाईने. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारासंबंधी असतो, आणि त्याला होकारार्थी उत्तर आले तर एकंदर बेरीज कितीही अल्प असो, त्या स्त्रीकडे त्याच दिवशी लक्ष द्यावे असा दंडक आहे. तो प्रश्न व्हरांड्यात, चारचौघींत विचारला गेला, तर खरे उत्तर मिळण्याची आशा धरणे हेच मुळी विचारणाऱ्याच्या अविचाराचे लक्षण होय. ज्या अभ्यासांत प्रश्नावलीची अचूकता ठरविली जाते त्यांत शिकलेल्या मुलाखतकार एकांतात बसून विचारतात. मग तेच आकडे व्हरांड्यातील वापराला लागू आहेत असे आपण कोणत्या आधारावर मानतो?

या बाबतीत आपल्या शेजारीच, गोव्यात, झालेले काम मार्गदर्शक आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदविलेल्या गर्भवतींचा पाठपुरावा केला आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे त्यांस आढळले. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रिया गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांच्या मुळाशी दारिद्र्य, नवऱ्याशी बेबनाव, मारहाण आणि मुलगी होणे या गोष्टी होत्या. याच गटाने पुढे स्त्रियांच्या तोंडून जी हकिगत ऐकली तीतही स्त्रियांनी आपल्या अवस्थेला रोगाचे नाव दिले नाही. पैशाची ओढाताण आणि घरातील वितुष्ट यांतच त्यांनी तिचे कारण पाहिले. येथे प्रश्नावलीपुढे एक मूलभूत आक्षेप उभा राहतो: मार खाणाऱ्या स्त्रीचे अठरा गुण हे तिच्या मेंदूतील बिघाडाचे माप, की तिच्या घरातील अन्यायाचे? माझ्या मते दोन्हींचे, आणि दोहोंपैकी एकच निवडण्याचा हट्ट चुकीचा आहे. कारण सामाजिक असले म्हणून वेदना वैद्यकीय राहत नाही, असे नव्हे. दूषित पाण्याने झालेला पटकीचा आजारही वैद्यानेच बरा करावयाचा असतो, परंतु जो वैद्य विहिरीविषयी चकार शब्द काढीत नाही तो आपले निम्मे काम टाळतो. म्हणून अधिक गुण पडलेल्या स्त्रीशी होणाऱ्या पुढच्या संभाषणात मारहाणीचा, पैशाचा आणि मुलीच्या जन्माचा विषय निघत नसेल, तर ती प्रश्नावली कितीही अचूक असो, तिचा उपयोग अर्धवटच झाला असे म्हणावे लागेल.

येथपर्यंत आल्यावर, 'मग असल्या प्रश्नावल्या वापरूच नयेत' असे म्हणणारा एक पक्ष उभा राहतो, आणि त्याच्या बाजूस वजनदार मंडळी आहेत. चाळणी-चाचणी केव्हा हाती घ्यावी याचे निकष विल्सन व युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहून ठेवले, त्यांतच निदानाची व उपचाराची तजवीज आधी हवी असे स्पष्ट म्हटले आहे. कॅनडाच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२२ साली गर्भवती व नवमाता यांची गुणांच्या रेघेवर आधारलेली सरसकट चाळणी करू नये अशी शिफारस केली. नेहमीच्या आस्थेवाईक विचारपुशीपेक्षा तिने अधिक हित होते, हे त्यांच्या मते सिद्ध झालेले नव्हते. उलट अमेरिकेच्या तशाच मंडळाने २०१६ साली चाळणीच्या बाजूने कौल दिला, मात्र निदान, उपचार व पाठपुरावा यांची व्यवस्था असावी अशी अट घालून. एकाच पुराव्यातून दोन देश दोन निष्कर्षांवर आले, याचे कारण कागदात सापडत नाही. ते दोघांनी विचारलेल्या प्रश्नात आहे. प्रश्नावली वैद्याशी सहमत होते काय, हा एक प्रश्न. प्रश्नावली वापरल्याने स्त्रिया बऱ्या होतात काय, हा दुसरा. पहिल्यावर शेकडो निबंध आहेत, दुसऱ्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके; त्यांपैकी हाँगकाँगमधील २०११ चा अभ्यास उल्लेखनीय आहे, कारण त्यात ४६२ मातांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी करून, एका गटाला प्रश्नावलीच्या आधारे परिचारिकांची समुपदेशन-सेवा आणि दुसऱ्याला नेहमीची विचारपूस देण्यात आली, आणि सहा महिन्यांनी पहिल्या गटातील स्त्रियांची अवस्था अधिक चांगली आढळली. ते यश कागदाचे, की कागदानंतर बोललेल्या परिचारिकांचे, हे वेगळे काढता येत नाही. आणि माझ्या प्रतिपादनाचा गाभाही तोच आहे.

वापर नकोच म्हणणाऱ्या पक्षाचा युक्तिवाद आपल्याकडे सहसा या रूपाने येतो, की मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला एकही नाही, मग विचारून काय उपयोग. हा युक्तिवाद दिसतो तितका प्रामाणिक नाही. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून मातांशी ठरावीक पद्धतीने बोलावयास पाठविले, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांच्या अखेरीस नैराश्य उरलेल्या मातांचे प्रमाण त्या गटात २३ टक्के, तर तुलनेच्या गटात ५३ टक्के होते. गोव्यात हेच काम पुढे त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या सामान्य स्त्रियांकडून करवून घेण्यात आले. तेथील यश रावळपिंडीइतके ठसठशीत नव्हते, पण दिशा तीच होती. तज्ज्ञ नाही ही सबब म्हणूनच अपुरी पडते: लागते ते शिकविलेले, वेतन मिळणारे आणि वेळ असलेले माणूस, आणि ते उपलब्ध करून देणे हे अंदाजपत्रकाचे काम आहे. मात्र ज्या आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर आधीच लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत अनेक कामांचे ओझे आहे, तिच्याच हाती मोबदला न वाढविता आणखी एक कागद देणे याला व्यवस्था म्हणत नाहीत.

तेव्हा प्रश्नावली वापरावी, असा माझा निष्कर्ष आहे; परंतु तिचा अहवाल कसा मागावा याचा शिरस्ता बदलावयास हवा. आज वरिष्ठ कचेरी विचारते, की किती मातांचे कागद भरले. हा आकडा वाढविणे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरर्थक. त्याऐवजी प्रत्येक जिल्ह्याने तीन गोष्टींचा जबाब द्यावा: रेघ आपल्याच जिल्ह्यातील मातांच्या मुलाखतींशी रुजवात घालून ठरविली आहे काय, किती जणींना दार लोटून, एकटीला विचारले, आणि त्यांपैकी किती जणींना सासरी परतल्यावर पुन्हा विचारले, आणि ज्यांचे गुण रेघेच्या वर गेले त्यांपैकी किती जणींशी कोणी ठरावीक मुदतीत येऊन बोलले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या जिल्ह्याला देता येत नाही त्याने पहिल्या दोहोंच्या उत्तरांचा टेंभा मिरवू नये, आणि वरिष्ठांनीही तेथील भरलेल्या कागदांची संख्या जमेस धरू नये. बाळंतिणीने अनोळखी माणसापुढे आपले मन उघडे केले, म्हणजे आपल्या बाजूचा व्यवहार तिने पुरा केला. त्यानंतर जे देणे लागते ते विचारणाऱ्याकडून, आणि प्रश्नावली चांगली की वाईट याचा निवाडा ते देणे फेडले गेले की नाही यावरच व्हावयास हवा.